कातडीचा नमुना : कुत्र्या-शेळ्यांच्या त्वचारोगांचे अचूक निदान

माती परीक्षणासाठी नमुना घेताना बांधालगतची, खताच्या ढिगाखालची किंवा झाडाच्या सावलीतली माती घेऊ नये, हे आपल्यापैकी बहुतेकांना आता पाठ झाले आहे. पिकावर रोग आला तर पार वाळून गेलेले पान न आणता नुकता डाग पडलेले पान दाखवायला आणावे, हेही आपण जाणता. जनावराच्या कातडीचा रोग ओळखण्यासाठी कातडीचाही असाच नमुना घेता येतो. कातडीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या या पद्धतीला बायॉप्सी म्हणतात. हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेस्निए यांनी १८७९ मध्ये रूढ केला. बायॉप्सी म्हटले की आपल्याकडे लगेच कर्करोग आठवतो आणि माणूस धास्तावतो. पण लूत, नायटा, केस झडणे, न भरणारे व्रण अशा साध्या वाटणाऱ्या तक्रारींतही कधी कधी या तपासणीवाचून गत्यंतर नसते.

मी कृषिविद्येचा शिक्षक आहे, पशुवैद्यक नव्हे. तरीही या विषयावर लिहीत आहे, त्याला आमच्या प्रक्षेत्रावरचा शेरू कारण आहे.

शेरूची खरूज

शेरू हा राखणीचा गावठी कुत्रा. पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या नाकाच्या दांडीवर, डोळ्यांभोवती आणि कानांच्या पाळ्यांवर पिवळसर खपल्या धरू लागल्या. खपली निघाली की खाली ओलसर लाल कातडी दिसे. प्रक्षेत्रावरचे जुने मजूर तात्या म्हणाले, "लूतच हाय ती सर, दुसरं काय असनार?" मलाही तसेच वाटले. तात्यांनी ट्रॅक्टरचे जळके तेल चोळले. गुण येईना, तेव्हा मी लूतीचे इंजेक्शन द्यायला लावले. कातडी तपासून घ्यावी असे त्या वेळी मला सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. आठवड्याच्या अंतराने दोन इंजेक्शने झाली. खपल्या पसरत गेल्या, तळपायांच्या गाद्या जाड होऊन भेगाळल्या, कुत्रा लंगडू लागला आणि अन्नावरची वासना गेली. एके सकाळी तात्यांनी कपाशीवर फवारायचे कीटकनाशक बादलीत कालवून त्याला अंघोळ घालायची तयारी केली होती. ते वेळीच दिसले.

येथे थोडे थांबून सांगतो. पिकावरची औषधे जनावराच्या अंगावर घालू नयेत. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील औषधे कातडीतून, विशेषतः खपली निघालेल्या कातडीतून, अंगात भिनतात. शिवाय जनावर अंग चाटते. लाळ गळणे, स्नायू थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, श्वास अडकणे ही त्या विषबाधेची लक्षणे आहेत आणि त्यात जनावर काही तासांत दगावू शकते. जळक्या तेलाने कातडी भाजते, आणि चाटले की तेही पोटात जाते.

शेवटी शेरूला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. तेथे कातडी खरवडून पाहिली, लूतीचा किडा सापडला नाही. केसांचा नमुना बुरशीच्या तपासणीला लावला, बुरशी उगवली नाही. मग कातडीचे तीन छोटे तुकडे काढून विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवले. अहवालात आजाराचे नाव आले पेम्फिगस फोलिएशियस. या आजारात जंतू किंवा किडा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते आणि कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे सांधे तोडू लागते. त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, म्हणजे प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड, जास्त मात्रेत आणि बराच काळ द्यावे लागते.

आता यातली मेख पाहा. हेच स्टेरॉइड डेमोडेक्स या किड्यामुळे होणाऱ्या लूतीत दिले, तर लूत अंगभर पसरते. कारण तो किडा दुबळ्या प्रतिकारशक्तीचाच फायदा घेतो. बुरशीच्या नायट्यातही तेच होते. म्हणजे नाकावर खपल्या धरलेले दोन कुत्रे शेजारी उभे केले, तर एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. दोघांतला फरक नुसत्या डोळ्यांनी मलाच काय, अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

कातडीला आपली तक्रार सांगायचे मार्गच थोडे आहेत. केस झडणे, लाली, पुरळ, खपली, कोंडा, जाड होणे, काळे पडणे आणि खाज, एवढेच. पिकाचे पान नत्र कमी पडले तरी पिवळे पडते, मुळाशी पाणी साचले तरी पिवळे आणि चुनखडीच्या जमिनीत लोह मिळाले नाही तरी पिवळे. म्हणून पिवळे पान दिसले की लगेच युरिया टाकू नका, असे आम्ही सांगतो. कातडीचेही तसेच आहे.

आधी सोप्या तपासण्या

प्रत्येक खाजणाऱ्या कुत्र्याची बायॉप्सी करायची नसते. काही मिनिटांत आणि थोड्या खर्चात होणाऱ्या तपासण्या आधी केल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे खरवड. मिरचीवरचा किंवा भेंडीवरचा कोळी आपणांस माहीत आहे. लूतीचा किडा त्याच कुळातला. डेमोडेक्स हा केसाच्या मुळाशी खोल राहतो. म्हणून कातडीची घडी चिमटीत दाबून, पात्यावर पॅराफिन तेलाचा थेंब घेऊन, रक्त किंचित पाझरेपर्यंत खरवडावे लागते. वरवर खरवडले तर तो हाती लागत नाही. सारकॉप्टिस हा दुसरा किडा कातडीच्या वरच्या थरात बिळे करतो, परंतु तो संख्येने फार थोडा असतो. कानाच्या कडा, कोपर येथून बरीच मोठी जागा खरवडूनही पुष्कळदा तो सापडत नाही. म्हणून खाज अतिशय असेल आणि घरातल्या माणसांच्याही अंगाला पुरळ येऊन खाज सुटली असेल, तर खरवड कोरी निघाली तरी डॉक्टर लूतीचा उपचार करून पाहतात. त्यात काही चूक नाही.

शेळ्यांमध्ये डेमोडेक्सचे रूप वेगळे दिसते. मानेवर, खांद्यावर, बरगड्यांवर वाटाण्याएवढ्या गाठी येतात. गाठ चिरून दाबली की घट्ट पांढरा मगज बाहेर येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात किड्यांची नुसती खच्चून गर्दी दिसते. निदान तेथेच झाले, पुढे काही करण्याची गरज नाही.

दुसरी तपासणी बुरशीची. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने बाधलेले केस वुड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली हिरवट चमकतात, पण नेहमीच नाही, आणि ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी कुत्र्या-मांजरांत या दिव्याखाली चमकत नाही. त्यामुळे दिव्यात दिसले नाही म्हणून नायटा नाही असे होत नाही. केस माध्यमावर लावून बुरशी उगवते का, हे पाहण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. एवढा धीर धरावा. नायटा माणसालाही होतो, तेव्हा तोवर मुलांना त्या जनावराशी खेळू देऊ नये.

तिसरी, पुळीतला पू किंवा खपलीखालचा ओलावा काचपट्टीवर टिपून तो रंगवून पाहणे. त्यात जंतू, यीस्ट, कधी गाठीच्या पेशीही दिसतात.

बायॉप्सी केव्हा?

कातडीवर गाठ आली असेल, व्रण भरत नसेल, नाकाचा किंवा ओठांचा काळा रंग जाऊन तेथे पांढरट चट्टे पडत असतील, अंगावर फोड उठत असतील, तर उगाच वेळ घालवू नये. योग्य औषध पुरेशा मात्रेत तीन आठवडे देऊनही फरक पडत नसेल, तेव्हाही तुकडा तपासावा. आणि महाग, दीर्घ मुदतीचे किंवा धोक्याचे औषध सुरू करण्यापूर्वी तर नक्कीच तपासावा.

शस्त्रक्रिया करून काढलेली गाठ फेकून देण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. तसे करू नका. गाठ साधी होती की पुन्हा उगवणारी, ती मुळापासून निघाली की कडेला काही राहिले, हे त्या गाठीवरूनच कळते. काढलेली गाठ बाटलीत ठेवण्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

उलट, साधी ऍलर्जी असेल तर बायॉप्सीवर फार भिस्त ठेवू नये. कातडीत ऍलर्जीसारखा दाह आहे एवढे कळते, पण तो पिसवांमुळे, खाण्यातल्या एखाद्या पदार्थामुळे की गाजरगवताच्या परागकणांमुळे, हे तुकडा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, आहार बदलून पाहणे असे दुसरे मार्ग आहेत.

नमुन्यापूर्वीची पथ्ये

बहुतेक नमुने बिघडतात ते जनावराच्या मालकाकडून, आणि तेही चांगल्या हेतूने. दवाखान्यात न्यायचे म्हणून कुत्र्याला साबण लावून स्वच्छ अंघोळ घातली जाते, खपल्या काढून हळद-तेल लावले जाते. खपली हा मळ नव्हे, तो पुरावा आहे. पेम्फिगसमध्ये सुटलेल्या गोल पेशी खपलीतच सापडतात. नायट्याची बुरशी पुष्कळदा तेथेच असते. पावसाळ्यात शेळ्या-मेंढ्यांच्या अंगावर खपल्या आणणाऱ्या डर्माटोफिलस जंतूच्या साखळ्याही खपलीतच दिसतात. तेव्हा अंघोळ नको, तेल नको, खपल्या काढणे नको.

दुसरे म्हणजे स्टेरॉइड. खाज थांबवणारे जे इंजेक्शन 'एका दिवसात गुण' देते, ते बहुधा स्टेरॉइडच असते. त्याने कातडीतली रोगाची खूणच पुसली जाते. पोटातून दिलेले स्टेरॉइड बंद करून दोन ते तीन आठवडे, आणि दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दिले असल्यास सहा ते आठ आठवडे थांबून नमुना घेणे चांगले. मात्र औषध स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नये, ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच कमी करावे. आधी कोणते औषध दिले, याची चिठ्ठी, रिकामी बाटली, काहीही असेल ते बरोबर न्यावे. मेडिकलवाल्याने किंवा शेजाऱ्याने दिलेले औषध असेल तर तेही संकोच न करता सांगावे. कातडीत पू झाला असेल तर डॉक्टर आधी प्रतिजैविक देऊन तो आटोक्यात आणतात आणि मग जे उरते त्याचा नमुना घेतात.

गिरमिटाचा धाकटा भाऊ

मातीचा नमुना घ्यायला आपण गिरमिट वापरतो. कातडीसाठी जो पंच वापरतात तो म्हणजे गिरमिटाचा धाकटा भाऊच. पेनाएवढी मूठ आणि टोकाला धारदार गोल नळी. नळीचा व्यास ४, ६ किंवा ८ मिलिमीटर असतो. बहुधा ६ मिलिमीटरचा वापरतात. डोळ्याजवळ, ओठावर किंवा पायाच्या गादीवर ४ मिलिमीटरचा पुरतो. बहुतेक जनावरांना पूर्ण भूल द्यावी लागत नाही. तोंड बांधून, गरज पडल्यास गुंगीचे औषध देऊन, कातडीखाली लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. शेळीला हे औषध थोड्या मात्रेतही बाधू शकते, म्हणून डॉक्टर ते मोजून, पातळ करून वापरतात. कुत्रा कितीही गरीब असला तरी दुखऱ्या जागेला हात लावल्यावर चावणार नाही याची खात्री देऊ नये. रेबीजची लस त्याला दिलेली असावी.

जागेवरचे केस कात्रीने हलकेच कापतात. वस्तरा लावत नाहीत, घासत नाहीत, स्पिरिटने चोळतही नाहीत. पंच कातडीवर उभा धरून एकाच दिशेने फिरवत खाली नेतात. मागे-पुढे फिरवला तर थर एकमेकांवर घसरून तुकडा पिळवटतो. तुकडा सुटला की चिमट्याने तो खालच्या चरबीच्या बाजूने उचलायचा, वरची कातडी दाबायची नाही. दाबलेल्या तुकड्यातल्या पेशी चिरडतात आणि विकृतिशास्त्रज्ञाला वाचता येत नाहीत. तुकड्याच्या जागी एक-दोन टाके घालतात, ते १० ते १४ दिवसांनी काढायचे असतात. सगळे काम अर्ध्या तासात आटोपते. शेरू टाके पडल्यावर लगेच उभा राहून शेपूट हलवीत होता. कापाकापीच्या कल्पनेने मला मात्र घाम फुटला होता.

कोठून घ्यायचा, हे सर्वांत महत्त्वाचे. नुकती आलेली, अखंड पुळी किंवा फोड मिळाला तर तो सोन्यासारखा. पुळी काही तासांत फुटते, म्हणून जनावर दिवसभर दवाखान्यात ठेवून वाट पाहावी लागली तर कुरकुर करू नये. व्रण असेल तर नुसत्या मधल्या खड्ड्यात काही नसते, रोगट आणि चांगली कातडी जेथे मिळते ती कड घ्यावी लागते. केस झडले असतील तर जेथे टक्कल पुरते पडले आहे तेथून एक आणि कडेचा एक. खाजवून खाजवून काळी, जाड झालेली जुनी जागा टाळावी. ती कातडी काय सांगणार, तर 'मला फार खाजवले', एवढेच.

एक नमुना पुरत नाही. निरनिराळ्या जागांचे, नव्या-जुन्या डागांचे तीन ते पाच तुकडे घ्यावेत. येथे मातीच्या नमुन्यापेक्षा एक मोठा फरक आहे. मातीचे नमुने आपण घमेल्यात एकत्र करून चार भाग पाडतो आणि समोरासमोरचे दोन भाग काढून टाकतो. कातडीचे तुकडे वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. कोणता कानाचा आणि कोणता पायाचा, हे बाटलीवर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीत असावे, कारण फॉर्मालिन सांडले तर शाई पुसली जाते.

बाटली आणि चिठ्ठी

तुकडा काढल्यावर मिनिट-दोन मिनिटांत १० टक्के फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, नाहीतर तो सुकू लागतो. पातळ तुकडा गुंडाळू नये म्हणून आधी जाड कागदाच्या पट्टीवर चरबीची बाजू खाली करून चिकटवतात. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन हवे. मोठी गाठ असेल तर तिला एक सेंटिमीटर अंतराने काप द्यावे लागतात, कारण फॉर्मालिन आतवर शिरायला वेळ लागतो आणि गाठ मधून सडते. बाटली रुंद तोंडाची असावी. अरुंद तोंडाच्या बाटलीत ताजी गाठ कशीतरी कोंबली जाते, पण फॉर्मालिनने कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नये, गोठल्याने पेशी फुटतात. फॉर्मालिन विषारी आहे, डोळ्यांना व नाकाला झोंबते. ते डॉक्टरांनीच भरावे. नेण्याचे काम तुमच्याकडे आले तर झाकण घट्ट लावून, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे न्यावे.

एक अपवाद ध्यानात असू द्या. लम्पी त्वचा रोगासारख्या विषाणूजन्य रोगात पीसीआर चाचणीसाठी जी खपली किंवा कातडी पाठवतात, ती बर्फावर, फॉर्मालिनशिवाय जाते. जंतू किंवा बुरशी उगवून पाहायची असेल तरीही तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून चालत नाही. म्हणून कोणती तपासणी करायची हे आधी ठरले पाहिजे.

बाटलीबरोबरच्या चिठ्ठीला आपण फार हलके लेखतो. जनावराचे वय, जात, रोग कधी सुरू झाला, आधी कोठे दिसला, खाज आहे का, कळपातल्या इतरांना किंवा घरातल्यांना काही झाले का, खाणे काय, औषधे कोणती, हे सर्व लिहिलेले नसेल तर विकृतिशास्त्रज्ञ अंधारात चाचपडतो.

प्रयोगशाळेत तुकडा मेणात बसवून त्याचे सुमारे ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवतात. बुरशीची शंका असेल तर पास नावाचा वेगळा रंग देतात. शेरूच्या तुकड्यांना तो मुद्दाम दिला होता, कारण ट्रायकोफायटॉनचा नायटा कधी कधी पेम्फिगसची इतकी हुबेहूब नक्कल करतो, की सुटलेल्या पेशीही तशाच दिसतात. बुरशी नाही याची खात्री झाल्यावरच स्टेरॉइड सुरू झाले.

शेळीची खपली आणि जस्त

आमच्या विषयाशी जवळची एक गोष्ट सांगतो. शेळीच्या तोंडाभोवती, पायांवर, पाठीवर जाड खपल्या व कोंडा येतो, केस झडतात, खुरे खराब होतात. लूतीचे औषध देऊन उपयोग होत नाही. अशा शेळीच्या कातडीच्या कापात वरच्या मृत थरातही पेशींची केंद्रके शिल्लक राहिलेली दिसली, तर जस्ताच्या कमतरतेचा संशय येतो. डुकरांमधला असाच कातडीचा विकार जस्त दिल्याने बरा होतो, हे अमेरिकेत १९५५ मध्ये टकर आणि सॅमन यांनी दाखवून दिले होते. आहारात कॅल्शियम फार झाले की जस्ताचे शोषण घटते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असते. एकट्या लसूणघासावर ठेवलेल्या शेळीच्या कातडीला औषधाच्या दुकानापेक्षा चाऱ्यातला बदल आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत जस्त जास्त उपयोगी पडते. जस्त कमी असलेल्या आपल्या जमिनीत मक्याचा कोवळा पोंगा पांढरट पडतो, तेव्हा आपण झिंक सल्फेट टाकतो. शेळीला मात्र ते अंदाजाने चारू नये, जस्त जास्त झाले तर तेही विष आहे.

सोय कोठे आहे?

तालुक्याच्या दवाखान्यात पंच आणि फॉर्मालिन असेलच असे नाही, पण तेथील डॉक्टर नमुना घेऊन पुढे पाठवू शकतात किंवा जनावर पाठवण्याची चिठ्ठी देतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथे पशुवैद्यकीय शिक्षणाच्या संस्था आहेत. पूर्वी ही महाविद्यालये कृषी विद्यापीठांकडे होती, २००० पासून ती नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहेत. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यात औंध येथे आहे. जाण्यापूर्वी त्वचेच्या तुकड्याची तपासणी होते का, कोणत्या दिवशी आणि शुल्क काय, हे फोनवर विचारून घ्यावे म्हणजे फेरी फुकट जात नाही.

अहवालात सरळ रोगाचे नाव न येता 'अमुक रोगाशी जुळते' असे शब्द आले तर पैसे वाया गेले असे समजू नका. त्याचा अर्थ, कापात जे दिसले ते आणि जनावराच्या अंगावर जे दिसते ते डॉक्टरांनी एकत्र लावून पाहायचे आहे. म्हणून अहवाल घेऊन जाताना जनावरही बरोबर न्यावे. शेरूच्या वेळी डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवून त्याचे चारही पाय पुन्हा उचलून पाहिले, मगच औषध लिहिले. त्याच्या नाकावरच्या खपल्या आता गेल्या आहेत, अर्धी गोळी एक दिवसाआड चालू आहे, आणि ती भाकरीच्या तुकड्यात घालून देण्याचे काम तात्यांनी आपल्याकडे घेतले आहे.